साडूचा ब्लॉक

माझ्या साडूचं मला काहीच आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं घोळ नको. त्याचं हळू आवाजात बोलणं आवडत नाही, भांडायला गेलं की हसणं आवडत नाही, आणि त्यानं ओतलेलं कास्टिंग तर अजिबात आवडत नाही, कारण ते चांगलं असतं. वाईट असतं तर आमचं किती छान जमलं असतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याची शिरोलीला फौंड्री आहे. माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनांचं वर्कशॉप आहे, घराला लागूनच. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं ओतीव अंग, त्याचे सिलिंडर बोअर करून मोठे करायचे, आतून दगडानं घासून होनिंग करायचं, पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या क्रँकशाफ्ट कातायच्या आणि ग्राइंड करायच्या, हे माझं काम. तो लोखंड ओतणार आणि मी लोखंड कातणार. सासर दोघांचं एकच, मुरगूड. पण त्या घरात जावई म्हणून आधी मी आलो. सासरे गेल्यावर ट्रॅक्टर कुठला घ्यायचा, विहिरीवर मोटर केवढी बसवायची, हे सगळं मला विचारून ठरायचं. एकुलता एक मेव्हणा तर माझ्याच हाताखाली गाडीचं काम शिकला. थोरले दाजी म्हणतील ते खरं, असं त्या घरात चालायचं. मला ते सुख अंगवळणी पडलं होतं.

मग हा आला. हा नेसरीकडचा, घरात कन्नड बोलणारा. सासूबाईंचं माहेर संकेश्वरच्या बाजूचं. मुरगूडला येऊन त्यांची उभी हयात गेली, पण त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलणारं कुणी नव्हतं. हा पहिल्याच सणाला सोप्यात मांडी घालून बसला आणि अव्वा अव्वा, म्हणजे आई आई, करत काहीतरी सांगायला लागला. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. अहो, हसल्या! माझ्यासमोर त्या कधी मान वर करून बोललेल्या नाहीत. मला त्या आधी वाढतात, गरम पोळीवर तुपाची धार जास्त धरतात, आदर करतात. तो आदर मला पुरत होता, हे दोघं हसेपर्यंत. तेव्हापासून ते कन्नडमध्ये काही बोलले की मला वाटतं, माझ्याबद्दलच बोलतायत. बायको म्हणते, पावसापाण्याचं बोलतात. पावसापाण्यात एवढं हसण्यासारखं काय असतं ते तिनं मला कधी सांगितलं नाही.

त्यात त्याच्या भट्टीतला रस पडतानाचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात. लाल रस, ठिणग्या, वर संगीत. मेव्हण्यानं एकदा माझ्या होनिंगचाही व्हिडिओ टाकला होता. होनिंगमध्ये दिसायला काही नसतं, तेल गळतं आणि दगड वरखाली होतो. तो बघणाऱ्यांत माझी बायको आणि मी. बायकोनंही पूर्ण बघितला नसणार.

आता मेव्हण्याचं सांगतो. त्याला मातीतल्या शर्यतींचा नाद. माळावर वळणावळणाचा ट्रॅक आखतात, एकेक गाडी सोडतात आणि वेळ लावतात. त्याची एक जुनी पेट्रोल गाडी आहे, तिला त्यानं टर्बो बसवलाय. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. जादा हवा, जादा पेट्रोल, जादा ताकद. ती कोंबणी म्हणजे बूस्ट. आमच्या पोरानं तो बूस्ट वाढवत वाढवत नेला आणि गेल्या हंगामात एक पिस्टन वितळवून घेतला. सिलिंडरला आतून खोल ओरखडा पडला. इंजिन अर्थातच माझ्याकडं आलं. मी ते खोललं आणि टेबलावर मांडून ठेवलं.

पुढं काय करायचं, याला दोन वाटा होत्या. एक माझी. जुनाच ब्लॉक थोडा बोअर करायचा आणि त्यात लांब थ्रोची क्रँक बसवायची. क्रँकचा थ्रो, म्हणजे तिच्या वाकाची लांबी, वाढला की पिस्टन जास्त खाली जातो, दर फेरीला जास्त हवा घेतो. इंजिन बाहेरून तेवढंच दिसतं पण आतून मोठं होतं. टर्बोही लवकर जोर धरतो. दुसरी वाट साडूची. कंपनीचा ब्लॉक टाकून द्यायचा आणि त्या जागी जाड भिंतींचा, नव्यानं ओतलेला ब्लॉक घ्यायचा. इंजिनाचं माप तेवढंच, पण बूस्ट कितीही दिला तरी सोसणारं. साडूनं त्याच इंजिनासाठी असे ब्लॉक ओतायला सुरुवात केली होती, पुण्या-बेंगळुरूच्या शर्यतवाल्यांसाठी. हे मला मेव्हण्याकडूनच कळलं. सांगताना त्याचे डोळे चमकत होते, आणि माझ्या पोटात तिथंच दुखायला लागलं.

भाऊबीजेला सगळे मुरगूडला जमलो. जेवणं चालली होती. मेव्हण्यानं विषय काढला आणि मी सुटलोच. बूस्ट ही उसनी ताकद आहे, थ्रो ही अंगची ताकद आहे, असं मी म्हणालो. जाड ब्लॉक म्हणजे नुसतं वजन, आणि वळणावर वजन गाडीला बाहेर खेचतं. चांगला घडवलेला जुना ब्लॉक फेकायचा हा कसला शहाणपणा? लांब क्रँक काय चीज आहे हे मी कोल्हापुरात किती वर्षं सांगतोय, पण ऐकतंय कोण! मी एवढं बोललो की माझ्या ताटातली पोळी गार झाली. साडू शांत जेवत होता. सगळे त्याच्याकडं बघायला लागले तेव्हा तो एवढंच म्हणाला की टर्बो असेल तर आधी भांडं बघावं, मग त्यात काय घालायचं ते ठरवावं. आणि त्यानं कटाची आमटी मागितली.

वाद घालणाऱ्या माणसाला हरवता येतं हो. आमटी पिणाऱ्याला काय करायचं? मेव्हणा एकदा माझ्याकडं बघे, एकदा त्याच्याकडं. शेवटी म्हणाला, थोरले दाजी म्हणतात तसं करू. साडूनं मान हलवली. त्याला वाईटही वाटलेलं दिसेना. सासूबाई त्याला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या, तो हसला, आणि मी जिंकूनही माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी क्रँक कातायला घेतली. खरं तर रीत अशी आहे की आधी ब्लॉकच्या भिंतींची जाडी मोजायची, मग बाकीचं. उद्यमनगरात कुणालाही विचारा. पण मला घाई होती. क्रँक मशीनवर चढली म्हणजे काम माझं झालं, मग मेव्हणा मागं फिरणार नाही, असा माझा हिशेब. चांगलं घडाईचं पोलाद आणलं, आणि हिवाळाभर दुसरी कामं बाजूला सारून मी ती क्रँक केली. अशी क्रँक मी आधी केली नव्हती. थ्रो माझ्या मनाजोगा, तोल असा की दोन टेकूंवर ठेवून बोट लावलं तर कुठंही थांबावी. मी स्वतःच तिच्याकडं बघत बसायचो. मेव्हणा येऊन फोटो काढून गेला. ते फोटो साडूलाही जावेत अशी माझी फार इच्छा होती.

मग ब्लॉक बोअर करायची वेळ आली आणि मी भिंती मोजल्या. पिस्टन ज्या बाजूला जोर देतो, नेमकी ती बाजू पातळ निघाली. कंपनीत ओततानाच साच्यातला मातीचा गाभा सरकलेला असणार. वर हा ब्लॉक आधी कुणीतरी एकदा बोअर केलेला. ओरखडा काढायला आणखी बोअर करायचं म्हणजे तिथं पत्रा उरणार. लांब क्रँकमुळं पिस्टनचा आडवा दाब वाढतो, वरून टर्बोचा मार. मी यंत्र पुसून पुन्हा मोजलं, दुसऱ्याकडून यंत्र मागून आणून मोजलं. लोखंड काय माझ्याकडं बघून जाड होणार होतं?

ती भिंत कधीतरी भर ट्रॅकवर फुटणार. पाणी आणि तेल स्वतःच्याच चाकाखाली, गाडी वेगात, आत मेव्हणा. मला ते इंजिन माझं हवं होतं. त्या घरात माझा शब्द चालतो हे मला बघायचं होतं, त्या कन्नड हसण्याच्या छाताडावर बसून बघायचं होतं. पण पोरगं गाडीत बसणार होतं.

मेव्हण्याला बोलावून घेतलं. भिंत दाखवली, आकडा दाखवला. त्याला लगेच कळलं, माझाच चेला तो. पण तो फडक्यानं हात पुसत राहिला. मला वाचवायला गप्प बसला होता, आणि त्यामुळं तर मला जास्तच राग आला.

"त्याचा ब्लॉक घे," मी म्हणालो.

"आणि क्रँक, दाजी?"

"क्रँक राहू दे, त्याच्या ब्लॉकात माझी क्रँक नको. कंपनीची जुनी क्रँक चांगली हाय, तीच बसवू. तो म्हणतोय तसंच करू."

असं बोलताना जीभ कशी जड होते, ते ज्याला साडू आहे त्यालाच कळेल. मी क्रँकला तेल लावलं, कापडात गुंडाळली आणि भिंतीशी उभी करून ठेवली. बायकोनं जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणालो. ती म्हणाली, धाकट्या पावण्यांनी काय तुमची भाकरी खाल्ली काय? मी म्हणालो, भाकरी खाल्ली असती तर बरं झालं असतं.

आता माझी सगळी आशा साडूच्या घाईवर होती. ओतलेलं कास्टिंग लगेच मशीनवर घेतलं तर आतला ताण नंतर सुटतो आणि नीट केलेलं माप बिघडतं. म्हणून जुनी माणसं कास्टिंग उघड्यावर टाकून ठेवायची, ऊनपाऊस खाऊ द्यायची. मुरवायचं म्हणतात त्याला. हल्ली कुणाला दम आहे तेवढा? मला वाटलं, ह्यानं ओतला असेल आणि गरमच विकत असेल. काहीतरी निमित्त काढून मी शिरोलीला गेलो. त्यानं चहा मागवला आणि मला शेडच्या मागं घेऊन गेला. तिथं ब्लॉक ओळीनं पडले होते, गंजून लाल. त्यातला कडेचा त्यानं बुटानं हलवला आणि म्हणाला, मेव्हण्याला हा देतोय, हा सगळ्यात आधीचा. त्याच्या सिलिंडरमधून गवत वर आलं होतं. वाढून, वाळून, पुन्हा हिरवं होऊन परत वाळलेलं गवत. त्या माणसाला घाई नव्हती. त्याला कधीच कशाची घाई नसते, आणि मला ह्याच गोष्टीची चीड आहे.

वर तो म्हणतो, शेवटचं बोअर आणि होनिंग तुम्हीच करा, दुसऱ्याच्या हातात मला द्यायचा नाही. त्याच्याकडं मोठी मशीनं आहेत, पण तेवढं बारीक काम तो बाहेरून करून घेतो. मी नाही कसं म्हणणार? गाडी मेव्हण्याची. आणि भांडायला माणूस नीट वागला की आपल्या हातात काही उरत नाही.

ब्लॉक माझ्याकडं आला. मी त्याला हातोडीनं ठोकलं, देवळातल्या घंटेसारखा वाजला. भिंती मोजल्या, चारी बाजूंनी जाड आणि सारख्या. मग प्रेशर टेस्ट. ब्लॉकची सगळी भोकं रबर लावून बंद करायची, आत हवा भरायची आणि कोमट पाण्याच्या टाकीत बुडवायचा. कास्टिंगमध्ये कुठं सुईएवढं जरी छिद्र असलं तरी बुडबुडा येतो. मी टाकीवर वाकून बसलो. एवढ्या मन लावून मी देवासमोरही कधी बसलो नाही. आणि आला! एका कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. माझ्या छातीत काय आनंद झाला म्हणून सांगू! ब्लॉक वर काढला, फोन हातात घेतला, साडूचा नंबर काढला. मग जरा नीट बघितलं तर माझंच एक रबर नीट बसलं नव्हतं. ते घट्ट केलं, ब्लॉक पुन्हा बुडवला. पाणी हललं नाही.

बायको चहा घेऊन आली होती. तिनं टाकीत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"गळंना न्हवं? मग तोंड का असं केलंय?"

मी चहा घेतला. ती बारा गावचं पाणी प्यायलेली बाई.

बोअरिंग केलं. होनिंगही केलं, वरचं झाकण, म्हणजे हेड, बसल्यावर ब्लॉक जसा ताणला जातो तसा ताण द्यायला वर जाड पोलादी पाटी बोल्टनं आवळून केलं. मी काम खराब करू शकत नाही, तो माझ्या हाताचा दोष आहे. लोखंड असं कातलं जात होतं की मशीनचा आवाज बदलत नव्हता. एकदाही दगड अडखळला नाही. दुसऱ्याच्या बायकोच्या हातचं जेवताना चव आवडली तरी बोलता येत नाही, तसं माझं चाललं होतं.

मग ब्लॉक स्टँडवर उलटा केला, खालची बाजू साफ करायला. क्रँक जिथं फिरते त्या पोकळीत मी हात घातला, आणि हात थोडा जास्त आत गेला. बॅटरी घेऊन बघितलं. सिलिंडरच्या खालच्या काठाला प्रत्येकाला खाच होती. कातलेली नव्हे, ओतलेली, साच्यातच ठेवलेली. बाजूच्या भिंती कंपनीच्या ब्लॉकपेक्षा बाहेर सरकवलेल्या. जुन्या क्रँकला एवढी जागा लागत नाही. एवढी जागा फक्त लांब थ्रोला लागते, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडचं डोकं फिरताना काठाला घासू नये म्हणून.

मी भिंतीशी उभी केलेली क्रँक आणली, कापड सोडलं आणि बसवली. कनेक्टिंग रॉड लावला. मग हातानं फिरवली. एक पूर्ण फेरी झाली. कुठंही घासली नाही. सगळीकडनं सारखी फट राहत होती. मला अशी जागा करायला एखाद्या ब्लॉकमध्ये दिवसच्या दिवस घासत बसावं लागतं.

आणि हा ब्लॉक म्हणजे तो गवत उगवलेला. म्हणजे भाऊबीजेच्या, माझ्या त्या भाषणाच्या कितीतरी आधी ओतलेला.

मी साडूला फोन लावला. नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ विचारलं, खाली ती जागा कशाला सोडलीय? मागं त्याच्या भट्टीचा आवाज येत होता. तो जरा बाजूला गेला असावा.

"तुमच्या क्रँकसाठी की, पावणं," तो म्हणाला. "लांब थ्रोचं तुम्ही किती वर्सं सांगताय. ब्लॉक माझा असला तरी क्रँक दुसऱ्या कुणाची बसवणार? साचा केला तवाच जागा धरली."

मग भाऊबीजेला का नाही बोललास, असं मी ओरडूनच विचारलं. तुझा ब्लॉक, माझी क्रँक, असं तिथंच सांगायचं होतं ना सगळ्यांसमोर.

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर माझ्या ब्लॉकात बसवायची म्हणून तुम्ही क्रँक कातलीच नसती."

त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, हळू. त्यात टोमणा असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मी त्याच्यावर जेवढा जळलो तेवढा आधी कधी जळलो नव्हतो. त्याच्या फौंड्रीवर नाही, व्हिडिओंवर नाही, सासूबाईंच्या हसण्यावरही नाही. साचा माझ्या हातात असता आणि क्रँक त्याची बसवायची असती, तर मी ती जागा सोडली नसती. हे मला माहीत होतं, आणि तो मला एवढा ओळखत होता म्हणजे त्यालाही माहीत असणार. तरी त्यानं सोडली होती.

बायको दारातून विचारत होती, काय म्हणाले पावणे. मी म्हणालो, काही नाही, मेव्हण्याला फोन करून सांग, लांब क्रँकच बसतेय. ती म्हणाली, तुम्हीच सांगा की, एवढी आनंदाची गोष्ट. मी क्रँक परत एकदा फिरवून बघितली, कुठंतरी घासते का म्हणून.